वर्षअखेरच्या मेळाव्यासाठी सोपे सामूहिक खेळ

31 डिसेंबरच्या संध्याकाळी गोव्यातील वाड्यावाड्यांवर मुलांनी गवत आणि जुने कपडे भरून केलेला ‘ओल्ड मॅन’ उभा असतो. मध्यरात्री त्याचे दहन करून सरत्या वर्षाला निरोप दिला जातो. मात्र तो क्षण येईपर्यंत घरोघरी जमलेल्या आप्तेष्टांना तीन-चार तास एकत्र घालवायचे असतात. प्रत्यक्षात जेवणे आटोपली की मुले मोबाइलमध्ये डोके घालतात, पुरुषमंडळी अंगणात गप्पा मारतात, स्त्रिया स्वयंपाकघरात अडकतात आणि आजी-आजोबा खुर्चीत पेंगू लागतात. वर्षातून एकदाच एका छताखाली येणारे कुटुंब अशा वेळी चार कोपऱ्यांत विभागले जाते. ते पुन्हा एका वर्तुळात आणण्याचे काम एखादा साधा खेळ करू शकतो.

खेळ निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. नियम अर्ध्या मिनिटात सांगता यावेत, साहित्य घरातच मिळावे आणि बाद झालेल्याला फार वेळ नुसते बसून राहावे लागू नये. संगीत खुर्चीत नेमके हेच घडते. सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध खेळाडू आधी बाद होतो आणि उरलेला सगळा वेळ प्रेक्षक होऊन बसतो. पुढील खेळ या तिन्ही कसोट्यांना उतरणारे आहेत.

दोन खरे, एक खोटे

पाहुणे जमत असताना आरंभाला हा खेळ उत्तम. प्रत्येकाने स्वतःविषयी तीन विधाने करायची, त्यांपैकी एक खोटे असावे. ते कोणते, हे इतरांनी ओळखायचे. साहित्य काहीच लागत नाही. या खेळाची खरी गंमत ज्येष्ठांमुळे येते. 1986 साली मांडवीवरील पूल कोसळल्यानंतर आपण रोज फेरीबोटीने कामावर जात होतो, असे आजोबांनी सांगितले, तर नातवंडांना तेच विधान खोटे वाटण्याची शक्यता अधिक. खुलासा झाला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि खेळ बाजूला राहून गोष्ट रंगते. यजमानाने ती थांबवू नये.

हाऊजी

गोव्यात हाऊजीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने असतात. प्रत्येक ओळीत पाच असे एकूण 15 आकडे असतात आणि 1 ते 90 मधील आकडे एकेक करून पुकारले जातात. लवकर पाच, वरची, मधली व खालची ओळ, चार कोपरे आणि शेवटी ‘फुल हाऊस’ अशी बक्षिसे ठेवता येतात. पाच वर्षांचे मूल आणि ऐंशी वर्षांची आजी यांना जिंकण्याची सारखीच संधी देणारा हा खेळ आहे.

पुकारणाऱ्याने आकडा थेट न सांगता त्याची खूण द्यावी, म्हणजे रंगत वाढते. गीतेचे अध्याय म्हणजे 18, नक्षत्रे 27, कला 64, गोवा मुक्तीचे वर्ष 61, घटक राज्याचे वर्ष 87. लहानांनाही यातून नकळत काही सापडते. खूण दिल्यावर आकडा मात्र दोनदा स्पष्ट उच्चारावा.

तिकिटे नसतील तर गावांची हाऊजी खेळावी. म्हापसा, डिचोली, वाळपई, फोंडा, सांगे, काणकोण अशी 25 नावे एका कागदावर लिहून सर्वांना दाखवावीत. प्रत्येकाने नऊ चौकटी आखून त्यांत आपल्या पसंतीची नऊ नावे भरावीत आणि यजमानाने चिठ्ठ्या उचलून नावे पुकारावीत. बक्षीस म्हणून पैशांऐवजी नेवऱ्यांची पुडी किंवा दोदोलाचा तुकडा ठेवला, तर हरणाऱ्यालाही शेवटी वाटा मिळतो.

गाण्याच्या भेंड्या

दोन गट, शेवटचे अक्षर आणि त्याच अक्षराने सुरू होणारे गाणे, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. वाद होतो तो ‘ळ’ आणि ‘ण’ या अक्षरांवर, कारण त्यांनी सुरू होणारी गाणी मिळत नाहीत. ‘ळ’ आल्यास ‘ल’ आणि ‘ण’ आल्यास ‘न’ घ्यावा, असे आधीच ठरवावे. गटांची विभागणी वयाप्रमाणे करू नये. नाट्यगीते आणि अभंग जाणणारे ज्येष्ठ व नवी चित्रपटगीते पाठ असणारी मुले एकाच गटात असली, तर त्यांना एकमेकांची गरज भासते. गाणे मराठी, कोकणी वा हिंदी यांपैकी कोणतेही चालावे.

मूक अभिनय

एका गटाने चित्रपटाचे किंवा नाटकाचे नाव द्यायचे आणि दुसऱ्या गटातील एकाने ते न बोलता आपल्या गटाला ओळखायला लावायचे. वेळ दोन मिनिटे. नावे निवडताना तारतम्य हवे. ‘कट्यार काळजात घुसली’ हातवाऱ्यांनी सहज दाखवता येते. ‘श्वास’ तर एका खुणेत संपते. ‘अशी ही बनवाबनवी’ मात्र अनुभवी खेळाडूसाठी राखून ठेवावे. नाव दोन्ही गटांतील किमान एकाला तरी माहीत असलेच पाहिजे, अन्यथा खेळ परीक्षेसारखा होतो.

परातीतील वस्तू

रडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ या 1901 सालच्या कादंबरीतून आलेला आणि पुढे बालवीर चळवळीत रुजलेला हा स्मरणशक्तीचा खेळ आहे. परातीत 20 वस्तू ठेवाव्यात: तिरफळ, कोकम, काजूबी, करवंटी, शिंपला, किल्ली, सुई, बटण. एक मिनिट दाखवून त्यावर कापड झाकावे आणि आठवतील त्या वस्तूंची यादी करायला सांगावे. आजी-नातू अशा जोड्या केल्यास लिहिण्याची अडचण राहत नाही. नाचण्या-धावण्याने दमलेल्या मंडळींसाठी हा शांत खेळ उपयुक्त ठरतो.

चादरीचे बेट

संगीत खुर्चीला हा चांगला पर्याय. चार जणांच्या प्रत्येक गटाला एक जुनी चादर द्यावी. गाणे थांबले की चौघांनी तिच्यावर उभे राहायचे. प्रत्येक फेरीनंतर चादर अर्धी दुमडायची. पाय जमिनीला टेकला तर संपूर्ण गट बाद, त्यामुळे एकट्यावर हरण्याची वेळ येत नाही. वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून चादरच बरी. ज्येष्ठांनी गाणे थांबवण्याचा आणि निवाड्याचा मान घ्यावा.

यजमानासाठी काही सूचना

बसून खेळायचा एक आणि उठून खेळायचा एक असा क्रम ठेवावा. खेळ रंगात असतानाच थांबवावा. मालवणीला आलेल्या डावाची आठवण कोणी ठेवत नाही. खेळण्यास कोणी नकार दिला तर आग्रह धरू नये, त्याला गुण लिहिण्याचे काम द्यावे. स्वयंपाकघरातील आवराआवर सर्वांनी मिळून आधी उरकावी, अन्यथा घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला खेळातील केवळ हशाच ऐकू येतो.

ध्वनिक्षेपकाबाबतही दक्षता हवी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला असतो. वर दिलेल्या एकाही खेळाला ध्वनिक्षेपक लागत नाही, चादरीच्या बेटाला मोबाइलवरील गाणे पुरते.

शेवटची चिठ्ठी

बाराला अर्धा तास उरला की सर्वांना दोन कोरे कागद द्यावेत. एकावर सरत्या वर्षातील आपला एक चांगला क्षण नाव न घालता लिहावा. या चिठ्ठ्या एका टोपलीत टाकून एकेक वाचावी आणि कोणाची ते ओळखावे. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तेथे एखादी चिठ्ठी त्या व्यक्तीविषयी निघेल. तेव्हा घटकाभर शांत राहावे, पुढची चिठ्ठी उचलण्याची घाई करू नये. दुसऱ्या कागदावर मागे सोडून द्यायची एक गोष्ट लिहावी. ती मात्र कोणी वाचायची नाही. घडी घालून ती वाड्यावरच्या ‘ओल्ड मॅन’च्या खिशात ठेवावी आणि बारा वाजता सर्वांनी मिळून त्याला निरोप द्यायला बाहेर पडावे.