डेबियनमधील प्रणाली प्रशासन साधनांची देखभाल

डेबियन या मुक्त स्रोत, युनिक्ससदृश संचालन प्रणालीत वापरकर्त्यांची खाती उघडणे, डिस्कचे विभाग जोडणे, ठरावीक वेळी कामे चालवणे, नेटवर्क सुरू करणे, सॉफ्टवेअर बसवणे व काढणे यांसाठी ज्या आज्ञावली वापरल्या जातात त्यांना प्रणाली प्रशासन साधने म्हणतात. ही साधने मुळात लिहिणारे आणि ती डेबियनमध्ये सांभाळणारे लोक बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. सांभाळणाऱ्यास देखभालकर्ता (मेंटेनर) असे म्हणतात. ही साधने सहसा रूट म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालत असल्यामुळे देखभालकर्त्याच्या एका निर्णयाचा परिणाम जगभरातील असंख्य सर्व्हरांवर होऊ शकतो.

पार्श्वभूमी

डेबियन प्रकल्पाची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. प्रकल्पामागे कोणतीही कंपनी नाही. त्याचे काम जगभरातील स्वयंसेवक करतात. १९९७ मध्ये स्वीकारलेल्या 'सामाजिक करारा'नुसार प्रणाली कायम मुक्त ठेवणे, दोष न लपवणे आणि वापरकर्त्यांच्या हिताला अग्रक्रम देणे या गोष्टी प्रकल्पावर बंधनकारक आहेत.

युनिक्स परंपरेत एका साधनाने एकच काम करावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे प्रशासनाची साधने एका छापाची नसून अनेक प्रकल्पांतून आलेली असतात. फाईलींवरील मूलभूत आज्ञा ग्नू कोअरयुटिल्स या संचातून येतात, डिस्क जोडण्याची 'माउंट' आज्ञा युटिल-लिनक्समधून, खात्यांची साधने 'शॅडो' प्रकल्पातून, तर नेटवर्कची 'आयपी' ही आज्ञा आयप्रूट२ मधून येते. डीपीकेजी, एपीटी आणि अ‍ॅडयूजर ही साधने मात्र डेबियनने स्वतः घडवली आहेत. या सर्वांची मोट बांधून ती एकाच प्रणालीचे भाग वाटतील असे पाहणे हे देखभालीचे मुख्य काम होय.

यांपैकी काही पॅकेजांवर 'अत्यावश्यक' अशी खूण असते. डेबियनच्या धोरणानुसार अशी पॅकेजे अद्ययावत होत असताना, अर्धवट बसलेल्या अवस्थेतही, चालू राहिली पाहिजेत. कारण पुढील दुरुस्ती त्यांच्याच साहाय्याने करावयाची असते.

देखभालकर्त्याचे काम

मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली की देखभालकर्ता ती तपासतो, डेबियनच्या धोरणाशी जुळवण्यासाठी आवश्यक ते बदल (पॅच) करतो, पॅकेज तयार करतो आणि आपल्या सांकेतिक स्वाक्षरीसह भांडारात पाठवतो. पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' शाखेत जाते. तेथे निकडीनुसार साधारणतः २, ५ किंवा १० दिवस राहून आणि नवा गंभीर दोष न आढळल्यास ते 'टेस्टिंग' शाखेत उतरते. पुढे ही शाखा गोठवली जाते व तिच्यातूनच स्थिर आवृत्ती तयार होते. डेबियन १२ ही स्थिर आवृत्ती १० जून २०२३ रोजी, तर डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकाशित झाली. स्थिर आवृत्तीत नवी वैशिष्ट्ये घेतली जात नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती आली तर तेवढाच भाग जुन्या आवृत्तीत बसवावा लागतो. हे काम किचकट असते आणि बाहेरून क्वचितच दिसते.

संरचना-फाईलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, केळापूर तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने प्रयोगशाळेतील सर्व्हरची लॉगिनविषयक संरचना-फाईल आपल्या गरजेप्रमाणे बदलली आहे. पॅकेज अद्ययावत होताना ही फाईल परस्पर बदलली गेली तर दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना संगणकात प्रवेशच मिळणार नाही. म्हणून प्रशासकाने केलेले स्थानिक बदल जपलेच पाहिजेत, असे डेबियनचे धोरण सांगते. पॅकेजमधील फाईलही बदललेली असेल तर डीपीकेजी थांबून जुनी ठेवायची की नवी घ्यायची हे विचारते, दोहोंतील फरक दाखवते आणि उत्तर न दिल्यास जुनीच ठेवते. पॅकेज बसवताना व काढताना चालणाऱ्या स्क्रिप्टही अशा लिहाव्या लागतात की वीज गेल्यामुळे काम मध्येच तुटले आणि तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तरी नुकसान होऊ नये.

काही उदाहरणे

खाते उघडण्यासाठी डेबियनमध्ये 'यूजरअ‍ॅड' आणि 'अ‍ॅडयूजर' अशा दोन आज्ञा आहेत आणि नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. यूजरअ‍ॅड ही शॅडो प्रकल्पातील मूलभूत आज्ञा असून वेगळे सांगितल्याशिवाय ती डेबियनमध्ये वापरकर्त्याची गृहनिर्देशिका तयार करत नाही. अ‍ॅडयूजर ही पर्ल भाषेतील डेबियनची स्वतःची आज्ञावली आहे. ती गृहनिर्देशिका बनवते, परवलीचा शब्द विचारते आणि खाते क्रमांकांचे नियम पाळते. डेबियनमध्ये ० ते ९९ हे क्रमांक प्रकल्पाने नेमून दिलेले, १०० ते ९९९ प्रणालीच्या अंतर्गत खात्यांसाठी आणि १००० पासून पुढचे सामान्य वापरकर्त्यांसाठी असतात. फेडोरामध्ये मात्र अ‍ॅडयूजर हे यूजरअ‍ॅडचेच दुसरे नाव आहे. त्यामुळे एका प्रणालीसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक दुसऱ्या प्रणालीवर जसेच्या तसे लागू पडत नाही.

नियोजित वेळी कामे चालवणाऱ्या 'क्रॉन'ची कथा वेगळी आहे. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनची ३.०पीएल१ ही आवृत्ती १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील आहे. डेबियन १२ मधील क्रॉनचा आवृत्ती क्रमांक अजूनही तेथूनच सुरू होतो आणि त्यापुढे डेबियनच्या स्वतःच्या फेऱ्यांचा क्रमांक जोडलेला असतो. मूळ प्रकल्प थांबला तरी साधन थांबले नाही. दोषदुरुस्तीचे पॅच देखभालकर्त्यांनी वर्षानुवर्षे एकावर एक रचले. रेड हॅट परिवाराने याच प्रश्नावर निराळा मार्ग स्वीकारून 'क्रॉनी' ही स्वतंत्र शाखा काढली. दीर्घकाळाचा विचार करता दुसरा मार्ग अधिक सुटसुटीत म्हणावा लागेल, कारण पॅचांचा ढीग वाढला की तो समजणारी माणसे कमी होत जातात.

जुने साधन निवृत्त करणे हेही देखभालीतच मोडते. 'इफकॉन्फिग' ही आज्ञा असलेले नेट-टूल्स पॅकेज २०१७ मधील डेबियन ९ पासून मूळ स्थापनेत येत नाही. तिची जागा 'आयपी' या आज्ञेने घेतली. १९९० च्या दशकापासून हजारो स्क्रिप्टांत व पुस्तकांत बसलेली ही आज्ञा भांडारातून मात्र काढलेली नाही.

सर्वांत कडवा वाद प्रणाली सुरू करणाऱ्या साधनावरून झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने जुन्या सिसव्ही-इनिटऐवजी सिस्टमडी निवडले गेले. ते डेबियन ८ (एप्रिल २०१५) पासून लागू झाले. हा निर्णय न पटलेल्यांनी देवुआन ही वेगळी प्रणाली काढली.

२००८ मधील ओपनएसएसएल दोष

मूळ संहितेत बदल करण्याचा अधिकार किती धोकादायक ठरू शकतो, याचे सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण हेच आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून काही ओळी वगळण्यात आल्या. स्मृतीच्या वापरातील चुका शोधणारे एक साधन त्या ओळींबाबत इशारे देत होते, म्हणून हा बदल केला गेला. प्रत्यक्षात त्यामुळे यादृच्छिक संख्या बनवण्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व बीज नाहीसे झाले. केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक उरला. हा क्रमांक तेव्हा जास्तीत जास्त ३२,७६८ असे. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या फार तर तेवढ्याच निघू शकत होत्या आणि त्या सर्व आधीच मोजून ठेवणे सहज शक्य होते.

लुसियानो बेल्लो यांना हा दोष आढळला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. पॅकेज दुरुस्त करणे सोपे होते, परंतु मधल्या सुमारे २० महिन्यांत तयार झालेल्या किल्ल्या कमकुवतच राहिल्या. त्या इतर प्रणालींवर नेऊन वापरल्या असतील तर तेथेही धोका होता. डेबियनने कमकुवत किल्ल्यांची काळी यादी आणि त्या शोधणारे एक साधन पुरवले. किल्ल्या बदलण्याचे काम मात्र जगभरातील प्रशासकांना हाताने करावे लागले. बदल करण्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या लोकांकडे त्याविषयी विचारणा झाली होती, पण प्रश्न व उत्तर यांतून दोन्ही बाजूंना एकच अर्थ उमगला नाही. त्यामुळे या घटनेकडे केवळ एका व्यक्तीची चूक म्हणून पाहणे अपुरे आहे.

२०२४ मधील एक्सझेड प्रकरण

या वेळी धोका मूळ प्रकल्पातूनच आला. एक्सझेड हे फाईली संकुचित करणारे साधन असून डेबियनची पॅकेजेही त्याच पद्धतीने संकुचित केली जातात. लासे कॉलिन हे त्याचे दीर्घकाळचे व जवळजवळ एकमेव देखभालकर्ते होते. 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून उपयुक्त बदल पाठवून विश्वास मिळवला आणि पुढे सहदेखभालकर्त्याचे अधिकार मिळवले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तिने छुपा दरवाजा ठेवला. त्यातून दूरस्थ लॉगिनच्या एसएसएच सेवेत घुसखोरी शक्य होती.

एसएसएच स्वतः एक्सझेडचा वापर करत नाही. सेवा सुरू झाल्याची सूचना सिस्टमडीला देण्यासाठी डेबियनने व इतर काही वितरणांनी एसएसएचला एक ग्रंथालय जोडले होते आणि त्या ग्रंथालयामागून एक्सझेडचे ग्रंथालय येत होते. सोयीसाठी केलेला हा निरुपद्रवी बदलच हल्ल्याची वाट ठरला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते व पोस्टग्रेस्क्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन अनस्टेबलवर चाचणी घेताना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्याचा माग काढत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघड केला. दूषित आवृत्ती तोवर डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग शाखांत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत नव्हती. देखभालकर्त्यांनी ५.४.५ ही जुनी आवृत्ती परत आणली. पण पॅकेज व्यवस्थेला आवृत्ती मागे जाणे मान्य नसल्याने तिला '५.६.१+रिअली५.४.५' असे विचित्र वाटणारे नाव द्यावे लागले. २०२४ च्या मध्यास ओपनएसएसएचने सिस्टमडीला सूचना देण्याची सोय स्वतःच्या संहितेत समाविष्ट केली आणि त्या जोडणीची गरज संपली.

मनुष्यबळ

एखाद्या पॅकेजचा देखभालकर्ता थकला वा निघून गेला तर ते 'अनाथ' म्हणून जाहीर केले जाते आणि दुसरा कोणी पुढे येईपर्यंत डेबियनचा गुणवत्ता गट त्याकडे पाहतो. निकडीच्या वेळी इतर विकासकही दुरुस्ती करून पाठवू शकतात. नवख्या व्यक्तीला प्रारंभी अनुभवी विकासकाच्या पुरस्काराने पॅकेज पाठवता येते. पुढे 'डेबियन मेंटेनर' आणि 'डेबियन डेव्हलपर' अशा पायऱ्या आहेत. त्यासाठी आपल्या सांकेतिक किल्लीवर सध्याच्या विकासकांच्या स्वाक्षऱ्या लागतात आणि त्या पारंपरिक रीतीने समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून दिल्या जातात. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यांसाठी ही अट सोपी नाही. डेबियनची वार्षिक परिषद भारतात प्रथमच सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरली.

मराठी व महाराष्ट्र

१४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रकाशित झालेल्या डेबियन ५.० पासून डेबियनचा स्थापक, म्हणजे प्रणाली संगणकावर बसवणारी आज्ञावली, मराठीतून उपलब्ध झाली. या कामात पॅकेजची संहिता नव्हे तर तिचे संदेश सांभाळावे लागतात. साधनाची नवी आवृत्ती आली की बदललेल्या वाक्यांचे भाषांतर पुन्हा करावे लागते. ते न झाल्यास पडद्यावर अर्धी मराठी व अर्धी इंग्रजी दिसते.

महाराष्ट्रात पॅकेज देखभालीची चळवळ डेबियनपेक्षा फेडोराभोवती अधिक वाढली. रेड हॅटचे पुण्यातील अभियांत्रिकी केंद्र हे त्याचे एक कारण होय. फेडोराचे वापरकर्ते व विकासक यांची परिषद पुण्यात दोनदा भरली : नोव्हेंबर २०११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि जून २०१५ मध्ये एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील लिनक्स मालिकेत प्रणाली प्रशासनाच्या प्राथमिक आज्ञांवर स्वतंत्र पाठ आहे. खाते उघडणे, बदलणे, काढून टाकणे आणि डिस्कवरील जागा तपासणे हे त्यात शिकवले जाते.