माळवदाखालचे घर : नरसिंहपूर परिसरातील गृहसजावटीचा पूर्वेतिहास

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला वसलेले इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र म्हणून आणि विंचूरकर सरदारांच्या कुलदैवताचे स्थान म्हणून इतिहासाला परिचित असले, तरी तेथील देवळाविषयी जेवढे लिहिले गेले तेवढे या टापूतील राहत्या घरांच्या अंतरंगाविषयी लिहिले गेले नाही. वास्तविक घराला ऊब आणि स्वतंत्र ओळख कशी येते, याचे उत्तर ही घरेच अधिक नेमकेपणाने देतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या कमी पावसाच्या प्रदेशात उतरत्या कौलांऐवजी माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, रूढ झाले. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असे. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणत आणि घराचा आकार खणांच्या संख्येवरून सांगितला जाई. उजेड व धूर यांसाठी माळवदात साणे, म्हणजे झाकता येणारे भोक ठेवीत. त्यातून माजघरात उतरणारा कवडसा दिवसभर जागा बदलत राही. भिंती दगडमातीच्या आणि हात-दोन हात रुंद असल्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा व थंडीत ऊब टिकून राही. शिवाय त्या जाडीतच कोनाडे, दिव्यासाठी देवळ्या, फडताळे आणि धान्याची बळदे काढता येत. सामान भिंतीच्या पोटात गेल्यामुळे जमीन मोकळी राही आणि तीच जमीन पंगत, पाळणा, निवडणे-टिपणे व झोप या साऱ्यांच्या उपयोगी पडे. बाहेरून आणून ठेवलेल्या वस्तूंपेक्षा बांधणीतूनच निपजलेली ही सजावट श्रेष्ठ मानावी लागते.

घराची खरी ओळख देवघरात पटे. तेथील टाक, म्हणजे चांदी वा पितळेच्या पत्र्यावर ठसवलेल्या देवप्रतिमा, कोणाच्या घरी नृसिंहाचे, कोणाच्या घरी खंडोबाचे वा भवानीचे असत. त्यामुळे दोन घरे बांधणीने सारखी असली तरी त्यांची देवघरे सारखी नसत. वैशाखातील नृसिंह नवरात्रात, शुद्ध चतुर्दशीच्या जयंतीपर्यंत, या कुलाचाराला विशेष उजाळा मिळे.

पेशवाईत सरदारांच्या वाड्यांत सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, महिरपी आणि चित्रित भिंती आल्या; मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यात अशी भित्तिचित्रे आजही पाहता येतात. सामान्य घरातील स्त्रियांची कला मात्र रोज नव्याने घडे. शेणाने सारवलेली भुई, त्यावरची रांगोळी, चुलीला दिलेला पोतेरा, गेरूची किनार, जुन्या लुगड्यांच्या वाकळा आणि मडक्यांची उतरंड यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे काम 1894 मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर काचेच्या चौकटीतील देवदेवता घरोघरी पोचू लागल्या. पुढे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसाबरोबर पैसा आला आणि सिमेंटची घरे उभी राहिली; 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील कित्येक गावठाणे, त्यांतील जुन्या घरांसह, गेली. दिनकर केळकरांनी पुण्यात जमवलेल्या संग्रहात समया, कोरीव दरवाजे आणि स्वयंपाकाची भांडी सुरक्षित आहेत, परंतु वस्तू जपल्या तरी त्यांची घरातील जागा जपली जात नाही. म्हणून ज्यांच्याकडे माळवदी घर अद्याप उभे आहे, त्यांनी ते उतरवण्यापूर्वी त्याच्या खणांची मापे, कोनाड्यांच्या जागा आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी सांगितलेले त्यांचे उपयोग लिहून ठेवावेत.