हिरवे अंडे वेंगुर्ल्यात का नाही

वेंगुर्ल्याच्या परसात आज जे आपले म्हणून मिरवते, त्यातले बरेचसे समुद्रावरून आलेले आहे. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला. मिरची आणि अननसही अमेरिकेतूनच आले, आणि आता त्यांना परके म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच दक्षिण अमेरिकेत, पण पलीकडच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, चिलीमधल्या मापुचे लोकांच्या अंगणात निळसर-हिरवी अंडी घालणारी कोंबडी होती. तिच्या संकरातून आज जगभरचे हौशी लोक शेवाळी ते ऑलिव्ह अशा सगळ्या छटा काढतात. कोकणात मात्र हिरवे अंडे अजून नवलाचेच आहे. याचे सोपे उत्तर भूगोलाचे: पोर्तुगिजांची ये-जा ब्राझीलशी, चिली स्पेनच्या ताब्यात, मग ती कोंबडी इकडे येणार कुठून? हे उत्तर खरे आहे, पण त्याने सगळे उलगडत नाही. कोकणच्या अंगणातही कोंबड्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली आणि चांगली डोळसपणे होत आली. फक्त ती नजर कोंबड्यावर खिळलेली होती. अंड्याच्या रंगाकडे बघायचे तिला कारणच पडले नाही.

आधी हा हिरवा रंग येतो कुठून ते पाहू. कोंबडीच्या अंड्याचे मूळ रंग तीनच: पांढरा, तपकिरी आणि निळा. निळ्याचे रंगद्रव्य बिलिव्हर्डिन, आणि ते कवचात आरपार मुरलेले असते. तपकिरी रंग अंडे बाहेर पडण्यापूर्वी अगदी शेवटी वरून चढतो. निळ्या कवचावर तपकिरी चढला की दिसते ते हिरवे. वरचा तपकिरी जितका गडद, तितके हिरवे काळपट, म्हणून फ्रान्सच्या मारां जातीसारख्या गडद तपकिरी अंड्यांच्या कोंबडीशी संकर केला की ऑलिव्ह रंग मिळतो. चिलीतल्या या कोंबडीकडे पोल्ट्रीच्या जाणकारांचे लक्ष वेधले ते साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश प्राध्यापकाने, 1921 च्या जागतिक कुक्कुट परिषदेत. ही परिषद भरली हेग शहरात. ज्या डचांनी एकेकाळी वेंगुर्ल्यात वखार घातली त्यांच्याच देशात हे अंडे जगासमोर यावे, हा निव्वळ योगायोग, पण मजेचा. पुढे 1933 मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी दाखवून दिले की निळा रंग एका प्रभावी जनुकाने येतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. 2013 मध्ये त्याचे मूळही सापडले: फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात घुसून बसला, त्याची ही करणी. चीनमधल्या दोंगश्यांग आणि लुशी कोंबड्यांतही असाच तुकडा आहे, पण तो थोड्या वेगळ्या जागी. म्हणजे हा अपघात जगात एकापेक्षा अधिक वेळा घडला. घडणे निसर्गाच्या हाती. घडलेले टिकवायचे की नाही हे मात्र माणसाच्या हाती. वेंगुर्ल्याचा प्रश्न या दुसऱ्या टप्प्यावरचा आहे.

कोणी म्हणेल की बंदराच्या गावी अंड्यांना गिऱ्हाईक असणारच, आणि गिऱ्हाईक असले की रंगरूपाची निवड आपोआप होते. वेंगुर्ले साधे खेडे कधीच नव्हते. 1638 मध्ये डचांचा इथे व्यापारी तळ होता आणि गोव्याच्या आठ महिन्यांच्या नाकेबंदीत त्यांच्या जहाजांना शिधा इथूनच जात होता. डच वखारीचे भग्न अवशेष गावात अजून उभे आहेत. त्या काळी जहाजावर ताजे मांस म्हणजे पिंजऱ्यातली जिवंत कोंबडी, तेव्हा त्या शिध्यात इथल्या कोंबड्या असणार असे मानायला हरकत नाही. पण हे गिऱ्हाईक मागणार काय? धडधाकट, पिंजऱ्यात चार आठवडे तग धरणारा जीव. उष्ण दमट हवेत अंडे फार दिवस टिकत नाही, त्याच्या कवचाचा रंग खलाशाच्या कामाचा नाही. 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि इथे छावणी आली, तरी या हिशेबात फरक पडायचे कारण नव्हते. बाजार होता, पण तो कोंबडीच्या अंगाचा होता.

घरच्या अंगणात तर नजर आणखी ठामपणे कोंबड्यावर होती. मिरगाचे उदाहरण घ्या. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो आणि पेरणीच्या तोंडावर सिंधुदुर्गात घरोघर गावठी कोंबडा लागतो. त्या आठवड्यात त्याचा भाव कुठे जातो हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. राखणेला कोंबडा लागतो, गाऱ्हाणे घालून तो गावच्या राखणदाराला दिला जातो. (सगळेच देव कोंबडा मागतात असे नाही, याच तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात.) जत्रेच्या आडोशाने झुंजी चालत, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंतरही त्या पुरत्या थांबल्या नाहीत. या प्रत्येक ठिकाणी कोंबड्याची पारख होते: तुरा, मानेची पिसे, पायांचा रंग, अंगाचा एकरंगीपणा. इथे लाल हवा, तिथे काळा, आणि उताऱ्यासाठी उलट्या पिसांचा काळा. हे उलटी पिसे प्रकरण मला फार बोलके वाटते. तो गुण ज्या जनुकाने येतो त्याची एक प्रत असली तर पिसे नुसती बाहेरच्या बाजूला वळतात. दोन प्रती एकत्र आल्या तर पिसे ठिसूळ होऊन झडतात आणि पक्षी अर्धा उघडा पडतो. म्हणजे उलट्या पिसांची चांगली कोंबडी हवी असेल तर दर पिढीला तिची गाठ साध्या पिसांच्या कोंबड्याशी पडावी लागते. तरीही ती वाड्या-वाड्यांतून टिकून राहिली.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की उलटी पिसे किंवा उघडी मान हे गुण उष्ण हवेत सोयीचे असतात, अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मग ते उकाड्यामुळे टिकले, देवाधर्मामुळे नव्हे. उकाड्याने असे पक्षी तगले हे मान्य. पण उकाडा कोणाला जास्त पैसे देत नाही. त्याच वजनाच्या दोन कोंबड्यांत एकाला केवळ पिसांमुळे चढा भाव मिळतो, तेव्हा ती निवड हवामानाने केलेली नसते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: बळी दिलेला कोंबडा वंश पुढे नेत नाही, मग ज्या रंगाला मागणी तोच रंग कमी होत जायला हवा. तसे झाले नाही, कारण बळीला जातो तो पुरता वाढलेला कोंबडा, आणि तोवर तो आपल्याच नव्हे, शेजारच्या अंगणातही बाप झालेला असतो. शिवाय ज्या कोंबडीच्या पिल्लांत असा नर निघतो, ती कोंबडी घरची बाई विकत नाही. मागणी एका रंगाची नसून निरनिराळ्या रंगांची होती, म्हणून कळपात सगळेच रंग राहिले. जात घडायला एकसारखेपणा लागतो. इथे नेमकी त्याच्या उलट गरज होती.

अंड्याचे काय? परसातली गावठी कोंबडी वर्षाला साठेक अंडी घालते, तीही टप्प्याटप्प्याने, मधे खुडूक होत. त्यातली थोडी पोरांच्या पोटात जातात, थोडी विकली जातात आणि बरीचशी पुन्हा तिच्याच खाली. रवणीला बसवायची अंडी निवडताना ती ताजी आहेत ना, तडा नाही ना, आकाराने बरी आहेत ना, हे पाहतात. एकवीस दिवसांनी फुटून जाणाऱ्या कवचाचा रंग कोण पाहील? घरची कोंबडी खुडूक नसेल तर शेजारणीची आणून तिच्याखाली अंडी बसवायची, हीही रीत. म्हणजे कोणते पिल्लू कोणत्या कोंबडीचे याचा माग ठेवणे अवघडच. अशा मोकळ्या, एकमेकांत मिसळलेल्या कळपात एखादा दुर्मीळ गुण उपजला असता तरी तो कोणी ओळखून वेगळा काढला नसता. हिरव्या अंड्याचा वाण टिकवायला नराची बांधाबांध आणि मादीची नोंद, दोन्ही लागतात.

निवडीचे ज्ञान वेंगुर्ल्याला नवे नाही, उलट या गावाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे ते त्यासाठीच. 1957 मध्ये सुरू झालेल्या इथल्या फळ संशोधन केंद्रातून 'वेंगुर्ला' नावाचे काजूचे वाण निघाले, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' आंबा आला आणि 1992 मध्ये अगदी पातळ कोयीचा 'सिंधू'. पण झाडाचे कलम बांधता येते. एकदा मनाजोगा गुण सापडला की तो हवा तितका वाढवता येतो. कोंबडीचे कलम होत नाही. दर पिढीला पत्ते नव्याने पिसले जातात. जनावरांकडेही लक्ष गेलेच नाही असे नव्हे: कोकण कन्याळ ही शेळी आणि कोकण कपिला ही गाय देशी जाती म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. कोंबड्यांत मात्र महाराष्ट्राच्या वाट्याला नोंदलेली जात आहे ती बुसरा, गुजरातच्या सरहद्दीकडची. कोकणच्या कोंबडीला 'गावठी' यापलीकडे नाव नाही. मला हे दुर्लक्ष वाटत नाही; नाव देण्याजोगा एकसारखेपणा तिच्यात मुद्दामच येऊ दिला गेला नव्हता.

अंड्याचा रंग पैशाचा झाला तो अगदी अलीकडे, पोल्ट्रीची पांढरी अंडी दुकानांत आल्यावर. आता तपकिरी कवच म्हणजे गावठीपणाचा दाखला ठरला, आणि दाखला म्हटला की खोटा दाखलाही आला: पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून खपवतात. खरे तर कवचाच्या रंगावरून आतल्या बलकाचा कस कळत नाही. कडकनाथ कोंबडीचेही तसेच. 2018 मध्ये झाबुआच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, काळ्या मांसाची कीर्ती झाली, आणि पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून त्याच्या नावावर झालेली मोठी फसवणूक उघडकीस आली. काळे म्हणून विकले जाणारे त्याचे अंडे प्रत्यक्षात फिकट तपकिरीच असते. ओळखीच्या वाडीत रंग पारखणारा आणि पाळणारा एकमेकांना ओळखतात. अनोळखी गिऱ्हाइकाला रंगावरच विसंबावे लागते.

उद्या कोणी वेंगुर्ल्यात निळ्या अंड्याच्या वंशाचा नर आणून मोकळा सोडला, तर जनुक प्रभावी असल्याने पहिल्याच पिढीच्या तलंगांत हिरवी अंडी दिसतील. इथल्या गावठी अंड्याच्या तपकिरी झाकीमुळे निळी कमी, हिरवीच जास्त. अडचण नंतर सुरू होईल. नर स्वतः अंडे घालत नाही, त्याच्या अंगात हा गुण आहे की नाही हे त्याच्या पिसांवर लिहिलेले नसते, मुलींची अंडी पाहूनच ते कळते. आणि अंगणातला नर तर अजूनही तुऱ्यावरून, मानेच्या पिसांवरून ठेवला किंवा मिरगाला कापला जाईल. तेव्हा हिरवा रंग टिकवायचा तर कोणत्या तलंगीने कोणते अंडे घातले याची वही ठेवावी लागेल, नर बांधून ठेवावे लागतील, आणि शेजारणीची खुडूक कोंबडी आणतानाही कोणाची अंडी कोणाखाली गेली ते लिहून ठेवावे लागेल.