छातीवरचा बिल्ला

दसऱ्याच्या सुटीपूर्वी इतिहासाच्या तासाला माझ्या वर्गातील एका मुलाच्या दप्तरावर एक चकाकणारा बिल्ला दिसला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, पितळी कडेचा, आत लाल व निळा रंग, आणि मध्ये 'आरआरआर' चित्रपटातील नायकाची भाला उगारलेली आकृती. "हा कोण रे?" मी विचारले. "सर, ज्युनिअर एनटीआर!" तो अभिमानाने म्हणाला. उत्तर चूक नव्हते. आणि म्हणूनच ते मनाला लागले. त्या नटाने ज्याची भूमिका केली, तो कोमरम भीम आमच्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातला.

बिल्ला ही वस्तू आज नवी वाटत असली, तरी तिची वंशावळ मोठी आहे. मध्ययुगीन युरोपातील यात्रेकरू कॅंटरबरीहून किंवा सांतियागोहून परतताना शिसे-कथलाची चिन्हे टोपीला लावून येत. आपण कोठे जाऊन आलो, हे न बोलता सांगण्याची ती रीत होती. आपल्याकडे 'चपराशी' हा शब्दच बिल्ल्यातून जन्मला. पट्ट्यावरील धातूची पाटी म्हणजे चपरास, ती बाळगणारा तो चपराशी. ती पाटी त्याचे नाव सांगत नसे. तो कोणाच्या हुकुमाचा ताबेदार आहे, एवढेच सांगे.

मिनाकारीची कला तर जयपूरच्या कारागिरांनी जगप्रसिद्ध केली. खऱ्या मिन्याच्या बिल्ल्यासाठी पोलादी ठशाने तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर आकृती उठवतात, तिच्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरतात, आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत ती वितळवून घासून गुळगुळीत करतात. हल्लीच्या स्वस्त बिल्ल्यांत काचेऐवजी नुसता रंग भरून मंद उष्णतेवर पक्का करतात. १८९६ च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइडने मढवलेली टाचणीची बटणे निघाली आणि बिल्ला फार स्वस्त झाला. पुढे १९३० च्या सुमारास तेथील चित्रपटगृहांतून मिकी माऊसची बालमंडळे निघाली. सभासद मुले त्या उंदराचे बिल्ले छातीवर मिरवू लागली. चपरास धन्याने दिलेली असे. हा बिल्ला मुलाने आपल्या आवडीने लावलेला होता. फरक लहान दिसतो, पण लहान नाही.

आपल्याकडे या फरकाची कथा एका चित्रपटानेच सांगितली. १९७५ च्या 'दीवार' मध्ये गोदीतील हमाल विजय याच्या दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला आहे. मुळात ती मजुराची गणती करण्याची पाटी. पण सलीम-जावेद यांच्या लेखणीने तिचे रक्षाकवच केले. १९८३ च्या 'कुली' मध्येही नायकाच्या दंडावर तोच क्रमांक आला. पुढे १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' अवतरला, आणि त्याच्या छातीवरील सोनेरी चक्राने एका पिढीच्या बालमनाचा ताबा घेतला. आज महाजालावरून हवा तो नायक घरपोच येतो, आणि हौशी मंडळी असे बिल्ले कापडी फलकावर टाचून जपतात. या हौसेत वाईट असे काही नाही.

प्रश्न उरतो तो एवढाच, की बिल्ल्यावर किती मावते? राजामौलींचा 'आरआरआर' २०२२ मध्ये आला. त्यातील गीताला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यात भीम व अल्लुरी सीताराम राजू हे १९२० च्या दशकातील दिल्लीत भेटतात, आणि त्यांचा शत्रू आहे इंग्रज गव्हर्नर. ही मैत्री कल्पित आहे. राजू १९२४ मध्ये गोळीला बळी पडले. भीमाचा लढा दिल्लीत नव्हे, आमच्या डोंगरांत झाला. तो मुख्यतः निजामाच्या जंगल व महसूल अंमलाविरुद्ध होता. राखीव जंगलांच्या नावाखाली गोंडांची शेते गेली, चराईवर व सरपणावर कर बसले. त्यातून तो उठाव पेटला. १९४० मध्ये जोडेघाट येथे भीम आपल्या सोबत्यांसह मारला गेला. त्यानंतर गोंडांची स्थिती अभ्यासण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांना येथे धाडले. शिवकालाचे संशोधक म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही येथे अधिकारी असताना गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले. यातले बिल्ल्यावर काय मावणार?

पण बिल्ला मुकाही नसतो. २०२० मध्ये या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा भीमाच्या डोक्यावरील टोपीवरून याच जिल्ह्यात वाद उठला होता. आपल्या माणसाचे चित्र कोणी कसे काढावे, याची चाड येथील लोकांना आहे, हे त्यातून कळले.

त्या दिवशी वर्गातही ते कळले. मुलाचे उत्तर ऐकून मागच्या बाकावरील एक गोंड मुलगी उभी राहिली. "सर, तो नट आहे. भीम आमचा होता. कोजागरीच्या पुनवेला आमच्या घरचे जोडेघाटला जातात." वर्ग शांत झाला. बिल्लेवाल्या मुलाने मागे वळून विचारले, "मलाही नेशील?"

मी बिल्ला जप्त केला नाही. फळ्यावर तीन सने लिहिली: १९२४, १९४०, २०२२. पहिल्या दोन सनांपुढे माणसांची नावे लिहा आणि तिसऱ्यापुढे चित्रपटाचे, असे मुलांना सांगितले. तो तास पाठ्यपुस्तकातील धड्याविनाच संपला, पण त्याचे मला वाईट वाटले नाही. आपल्या घरातील मुलाच्या दप्तरावरही असा एखादा बिल्ला असेल. तो काढायला लावू नका; मात्र "हा कोण रे?" एवढे अवश्य विचारा, आणि मुलाचे उत्तर अपुरे असले तर उरलेले आपण सांगा.