४१ की १,७२३?

१७ जानेवारी २०२०. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या नील फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी एक छोटासा अहवाल जाहीर केला. वुहानमध्ये तोवर नव्या न्यूमोनियाचे अधिकृत रुग्ण होते ४१. या मंडळींचा अंदाज होता की १२ जानेवारीपर्यंतच तिथे साधारण १,७२३ लोक आजारी पडले असावेत. आणि हे त्यांनी वुहानच्या एकाही दवाखान्यात न डोकावता काढलं होतं.

कसं? हिशेब इतका साधा आहे की मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. चीनबाहेर तेव्हा तीन रुग्ण सापडले होते, दोन थायलंडमध्ये, एक जपानमध्ये. तिघंही वुहानहून आलेले. वुहानच्या विमानतळावर अवलंबून असलेली लोकसंख्या १ कोटी ९० लाख, तिथून रोज परदेशी जाणारे ३,३०१. म्हणजे कुठल्याही एका दिवशी एखादा माणूस परदेशी विमानात असण्याची शक्यता ५,७५० मध्ये एक. लागण झाल्यापासून आजार पकडला जाईपर्यंत दहा दिवस धरा, शक्यता होते ५७५ मध्ये एक. आता तीन रुग्ण बाहेर दिसायला आत किती हवेत? तीन गुणिले ५७५. झालं.

भाताचं शीत दाबून बघतात, तेच हे.

अर्थात तीन शितांवरून पातेल्याचा अंदाज म्हणजे चूक मोठी असणार. त्यांनी ती लपवली नाही, ४२७ ते ४,४७१ यात खरा आकडा कुठेही असू शकेल असं स्पष्ट लिहिलं. पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. खालचं टोकसुद्धा ४१ च्या दहापट होतं. आणि बँकॉकच्या विमानतळावरून एखादा रुग्ण न पकडता निसटला असेल, तर आकडा आणखी वरच जाणार होता.

याचा अर्थ काय, हे त्या आठवड्यात फार महत्त्वाचं होतं. तीनच दिवस आधी, १४ जानेवारीला, जागतिक आरोग्य संघटनेनं चिनी तपासाचा हवाला देऊन सांगितलं होतं की माणसाकडून माणसाला लागण होत असल्याचा ठोस पुरावा नाही. ४१ रुग्ण एका मासळीबाजारातल्या प्राण्यांकडून होऊ शकतात. सतराशे कसे होतील? २० जानेवारीला डॉ. झोंग नानशान यांनी चिनी टीव्हीवर माणसाकडून माणसाला लागण होत असल्याचं सांगितलं, २३ ला वुहान बंद झालं. २५ तारखेला त्याच लंडनच्या गटाचा पुढचा अंदाज आला, एक रुग्ण सरासरी २.६ जणांना लागण देतोय. म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त लागणी अडवल्या तरच साथ ओसरणार.

'एक रुग्ण किती जणांना' या गणिताचं मुंबईशी जुनं नातं आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९२७ साली एडिंबरोतल्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीची समीकरणं मांडली. आजची बहुतेक मॉडेलं त्याच घराण्यातली. मॅकेंड्रिक भारतात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. कर्मॅक तर प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले, सगळी गणितं डोक्यात करायचे. समीकरण पडताळायला त्यांनी वापरले ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यागणिक आकडे. प्लेग उंदरांच्या पिसवांचा, श्वासाचा नव्हे, त्यामुळे उदाहरण थोडं ओढूनताणून बसवलेलं आहे. पण आठवड्याला किती मेले याची नोंद मुंबईत ठेवली गेली होती, म्हणून तर ते शक्य झालं.

आता आपल्या २०२० कडे या. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले, दुबईहून परतलेले. तेव्हा चाचणी कोणाची होत होती? मुख्यतः परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. मग रुग्ण कुठे सापडणार? तिथेच. आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर ऐकायचं की रुग्ण सगळे परदेशवारीशी जोडलेले आहेत, समाजात प्रसार नाही! वुहानमध्ये विमानतळावरून आतलं दिसलं, आपल्याकडे विमानतळाकडेच बघत राहिल्यानं आतलं दिसेना.

आयसीएमआरनं श्वसनाचा तीव्र त्रास होऊन दवाखान्यात दाखल झालेल्यांचे नमुनेही तपासले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण १५ फेब्रुवारी ते १९ मार्च या काळातले असे नमुने किती? ९६५. एवढ्या मोठ्या देशात. त्यात दोन पॉझिटिव्ह. २० मार्चपासून अशा सगळ्या रुग्णांची चाचणी करायचं ठरलं आणि २ एप्रिलपर्यंत आणखी ४,९४६ जण तपासले, त्यात १०२ पॉझिटिव्ह निघाले. यातल्या जवळपास ४० टक्के लोकांनी ना परदेशप्रवास सांगितला, ना कुठल्या ज्ञात रुग्णाशी संपर्क.

हे आकडे आयसीएमआरच्याच नियतकालिकात एप्रिलमध्ये छापून आले. 'समाजात प्रसार नाही' हे वाक्य त्यानंतरही बरेच महिने ऐकू येत होतं.