‘पाडू नका’ एवढ्याने भागत नाही

ऐन पावसाळ्यात छत्री घरी विसरली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हुतात्मा चौकाकडे पायी जायची वेळ आली, तर दादाभाई नौरोजी मार्गाने जावे. या रस्त्यावरच्या इमारती वेगवेगळ्या मालकांनी, वेगवेगळ्या वर्षी, आपापल्या हौसेप्रमाणे बांधल्या. कुणाला घुमट हवा होता, कुणाला टोकदार कमानी. तळमजल्यावर मात्र बहुतेकांनी एक गोष्ट सारखीच केली. दुकानांपुढे कमानींची पडवी सोडली. एकीची पडवी संपते तिथे दुसरीची सुरू होते आणि चालणारा बऱ्यापैकी कोरडा राहून मुक्कामाला पोचतो.

पाहणाऱ्याला वाटेल, काय हा शेजारधर्म! पण तो निव्वळ शेजारधर्म नव्हता. त्या वेळच्या हॉर्नबी रोडवर बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवावा, असा सरकारी नियमच १८९६ मध्ये झाला होता. म्हणजे आज ज्या देखणेपणाचे आपण कौतुक करतो, त्यातला काही वाटा कारागिरांचा आहे आणि काही एका रूक्ष नियमाचा. शहर घडवायला नियम लागला, तसा ते टिकवायलाही लागणार, हे ओघानेच आले. तो दुसरा नियम यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. त्याची ही गोष्ट.

जुन्या वास्तूंसाठी आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये केंद्राने आणि १९६० मध्ये महाराष्ट्राने आपापले कायदे केले. लेणी, किल्ले, मंदिरे, मकबरे यांना त्यांचा आधार मिळाला. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, सभोवती कुंपण आणि संध्याकाळी बंद होणारे फाटक, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे.

पण मुंबईचा प्रश्न वेगळा होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहिले. १८७८ मध्ये उच्च न्यायालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर पुरा झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम सुरू झाले, ते १८८८ मध्ये संपले. पुढे १९३०च्या दशकात बॅकबेच्या भरावावर, ओव्हलच्या पश्चिमेला आणि मरिन ड्राइव्हवर गोलाकार सज्जांच्या ‘आर्ट डेको’ इमारती आल्या. या सगळ्या वास्तू कामातल्या होत्या आणि आजही आहेत. स्टेशनात रोज लाखो माणसे उतरतात, न्यायालयात खटले चालतात, मरिन ड्राइव्हवर सज्जात कपडे वाळत असतात. त्यांना कुंपण कसे घालणार? शिवाय केंद्राचा कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या वास्तूंसाठी आहे. १९३५ ची इमारत त्यात बसणारच नव्हती.

उपाय सापडला तो नगररचनेच्या कायद्यात. घराची भिंत हलवायची, मजला चढवायचा किंवा सगळेच पाडून नवे बांधायचे, तर पालिकेची परवानगी लागतेच. मग त्याच वाटेवर आणखी एक चाळणी लावली तर? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करण्यास वाव ठेवला होता. तो बरीच वर्षे कागदावरच राहिला. श्याम चैनानी यांच्यासारखे चिकाटीचे कार्यकर्ते आणि नागरिकांच्या संस्था शासनदरबारी खेटे घालत राहिल्या. अखेर एप्रिल १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम लागू झाला. सहाशेहून अधिक नोंदींची यादी झाली. अशी व्यवस्था करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर.

या नियमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू. तिथे डागडुजी आणि मजबुतीपलीकडे सहसा हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग. तिथे मूळ रूप सांभाळून आतले बदल आणि नवा वापर चालतो. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक आहे. सुट्या इमारतींबरोबर काही वस्त्या आणि रस्ते सबंध ‘वारसा परिसर’ म्हणून नोंदले गेले. बाणगंगा, खोताची वाडी, बॅलार्ड इस्टेट ही त्यांतली काही नावे. अशा ठिकाणी एखादे घर साधेसुधे असू शकते, पण शेजारच्या घरांबरोबर उभे राहून ते गल्लीला गल्लीपण देते. प्रस्ताव तपासायला वास्तुविशारद, अभियंते आणि इतिहासाचे जाणकार यांची वारसा समिती नेमली गेली. समितीचा सल्ला आयुक्तांनी मानावा, आणि अपवाद म्हणून डावलायचा झाला तर कारणे लेखी नोंदवावीत, अशीही तरतूद होती. ‘लेखी’ या एका शब्दाने किती इमारतींना जीवदान मिळाले असेल, हे सरकारी कचेरीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

या चाळणीचे फळ दिसले. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या समूहाला तोच मान मिळाला. १९९५ ची यादी नसती, तर या ९४ पैकी किती शिल्लक राहिल्या असत्या?

आता नाण्याची दुसरी बाजू. काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. हेच एके काळचे वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात घडवला आणि जहाजाने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलत्चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती याच ठिकाणी. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांची विभागणी झाली, वकिलांची कार्यालये आली. वारसा यादीत तिला ‘दोन अ’ श्रेणी मिळाली. तरीही २००५ मध्ये तिच्या सज्जांचा भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस झाली. पुढे इतर तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते, असे मत दिले. पण मुद्दा असा की, या इमारतीवर कुणी हातोडा चालवला नव्हता. कायदा कुणी उघडपणे मोडला नव्हता. पाऊस, गंज आणि दुर्लक्ष यांना पालिकेची परवानगी लागत नाही.

दुर्लक्ष का होते, याचे उत्तर दुसऱ्याच एका कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना तो मोठा आधार होता, तो काढून घ्या असे कुणी म्हणणार नाही. पण गोठलेल्या भाड्यात गळके छप्परही दुरुस्त होईना. मालकाला इमारत नकोशी झाली. भाडेकरूला जागा हवी होती, पण इमारत त्याची नव्हती. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, ती मूळच्या तुटपुंज्या भाड्यावर. त्याच वर्षी उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचे नियम सैल झाले. तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरातल्या अशा इमारतींना समितीच्या परवानगीतून बरीच सूट मिळाली. गिरगावात मग चाळींच्या जागी टॉवर दिसू लागले.

म्हणून रहिवाशांचा राग समजून घेतला पाहिजे. २०१२ मध्ये पालिकेने यादी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शिवाजी पार्क आणि दादरच्या कॉलन्यांतून विरोध झाला. आपल्या परिसरावर जिवापाड प्रेम करणारीच ही माणसे. त्यांचा प्रश्न सरळ होता. लिफ्ट नाही, गळती थांबत नाही, मुलांना जागा पुरत नाही. वारशाचा मान साऱ्या शहराचा, मग खर्च एकट्या आमचा का?

या प्रश्नाचे एक उत्तर न्यूयॉर्कने शोधले होते. तिथले पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतले तेव्हा लोक हळहळले आणि दोनच वर्षांनी वारसा वास्तूंचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनावर बहुमजली इमारत बांधू द्या, म्हणून मालक कंपनी न्यायालयात गेली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. स्टेशनावर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या जागांवर वापरता येत होता, ही गोष्टही न्यायालयाने विचारात घेतली. आपल्याकडे ज्याला टीडीआर म्हणतात, तो हाच हस्तांतरणीय हक्क. मुंबईच्या १९९५ च्या नियमातही त्याची तरतूद होती. पण तो हक्क विकून आलेला पैसा त्याच वास्तूच्या छपराला आणि गिलाव्याला लागेल, याची हमी कोण देणार?

राजाबाई टॉवरचे उदाहरण इथे धीर देणारे आहे. २०१३ ते २०१५ या काळात त्याचे आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे जतनकाम झाले. तिथे मालक ठाम होता, देणगी मिळाली आणि जाणते हात लाभले. कायद्याने टॉवर पडू दिला नाही, पण उभा ठेवला तो या तिघांनी. हाच आधार खोताची वाडीतल्या एखाद्या जुन्या घराला कसा मिळेल, हा खरा प्रश्न आहे. सोपी कर्जे, मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी, चुना आणि लाकूडकाम जाणणारे कारागीर, यांवाचून यादीतली नोंद त्या घराला ओझेच वाटणार.

दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानी इतकी वर्षे का टिकल्या, याचा विचार करून पाहा. नियमामुळे मालकाची थोडी जागा गेली, पण त्याच पडवीमुळे भर पावसातही गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत आले. चालणाऱ्याचे डोके कोरडे राहिले आणि रस्त्याला रूप आले. प्रत्येकाने काही सोडले आणि प्रत्येकाच्या पदरात काही पडले. वारसा जपण्याच्या नियमालाही हा जुना हिशेब जमवावा लागेल. तोवर, पुढच्या पावसात त्या पडवीतून जाल तेव्हा मान जरा वर करून पाहा. कुठल्या कमानीला तडा गेला आहे आणि कुठल्या कोपऱ्यात पिंपळ उगवला आहे, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवे.