डुकराचे मटण कुकरमध्ये : स्वस्त भाग, पुरेशी शिजवण

वर्धा : सेवाग्राम आणि पवनार येथील आश्रमांमुळे वर्धा जिल्ह्याच्या आहाराची ओळख देशभर सात्त्विक व शाकाहारी अशी झाली. ही ओळख खरी असली, तरी पुरती नाही. जिल्ह्यातील अनेक घरांत मांसाहार होतो आणि त्यांपैकी काही घरांत डुकराचे मांसही पूर्वापार शिजते. त्याचा उल्लेख मात्र चारचौघांत टाळला जातो, कारण या अन्नाला जातीय हेटाळणीचा इतिहास आहे. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यपरंपरेची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या दुर्लक्षित स्वयंपाकाकडे वाचकांचे लक्ष गेले.

त्याच वर्षी राज्यात गायीपाठोपाठ बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि स्वस्त मांसाचा एक पर्याय कमी झाला. बोकडाचे मटण रोजच्या मिळकतीतून घेणे अनेकांना परवडत नाही. अशा घरांसाठी डुकराचे मांस हे प्रथिने आणि ‘ब१’ जीवनसत्त्व पुरवणारे अन्न आहे. मात्र ते नीट शिजवणे, ही चवीपेक्षाही आरोग्याची बाब आहे.

कोणता भाग घ्यावा?

खांदा, मान, नळी आणि पाय हे भाग तुलनेने स्वस्त मिळतात. जनावर चालताना या स्नायूंना सतत काम पडते. त्यामुळे त्यांत कोलॅजेन हा चिवट धागा अधिक असतो आणि उघड्या पातेल्यात ते लवकर शिजत नाहीत. हेच कोलॅजेन ओलसर उष्णतेत पुरेसा वेळ राहिले की विरघळते आणि रस्सा दाट होतो. म्हणून रश्शासाठी कमी चरबीच्या महाग भागापेक्षा हाडासह घेतलेला खांदा सरस ठरतो.

मांस फिकट गुलाबी आणि चरबी पांढरी असावी. हिरवट झाक, चिकटपणा किंवा आंबूस वास असल्यास ते घेऊ नये. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फोड दिसले, तर ते सरळ नाकारावे. शक्यतो परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. रानडुकराची परवानगीविना शिकार करणे आणि त्याच्या मांसाचा व्यवहार करणे हा वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

कुकर काय करतो?

फ्रान्समध्ये जन्मलेल्या डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून शिजवणारे भांडे सादर केले. हाडे व चिवट मांस मऊ करणे, हाच त्यांचा हेतू होता. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये दाब वाढल्याने तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे दीड-दोन तासांचे काम अर्ध्या तासाच्या आसपास होते आणि इंधन वाचते. ग्रामोद्योगांचा विचार मांडणाऱ्या मगनवाडीच्या वर्ध्यात इंधनबचतीचे मोल नव्याने सांगण्याची गरज नाही.

कृती

एक किलो खांद्याचे दीड इंचाचे तुकडे करावेत. सालीवर केस असल्यास ते आचेवर जाळून साल खरवडून धुवावी. स्टीलच्या भांड्यात तुकड्यांना एक चमचा हळद, दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण आणि दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवावे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती मिळाल्यास उत्तम.

अर्धी वाटी सुके खोबरे, दोन मोठे चमचे धने, एक मोठा चमचा खसखस, सहा ते आठ सुक्या मिरच्या, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि थोडे दगडफूल वेगवेगळे भाजून बारीक वाटावे.

कुकर झाकण न लावता मंद आचेवर ठेवून त्यात आधी चरबीचे तुकडे घालावेत. आठ-दहा मिनिटांत तूप सुटते, वेगळे तेल लागत नाही. जास्तीचे तूप काढून घ्यावे. उरलेल्यात तीन चिरलेले कांदे लाल करून मांस मोठ्या आचेवर परतावे. कोंडलेल्या वाफेत मांसाला तांबूस रंग येत नाही, म्हणून ही पायरी गाळू नये. मग वाटण परतून एक कप गरम पाणी घालावे. मांसालाही पाणी सुटते, त्यामुळे अधिक नको.

झाकण लावून पूर्ण दाब आल्यावर आच मंद करावी आणि २० ते २५ मिनिटे शिजवावे. पायांना ४० ते ४५ मिनिटे लागतात. शिट्ट्यांपेक्षा घड्याळावर विसंबावे. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. मांस हाडापासून सहज सुटत नसल्यास आणखी पाच-दहा मिनिटे द्यावीत. शेवटी झाकण काढून रस्सा आटवावा आणि वर आलेले तूप चमच्याने काढावे. ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा सोबत असावा. पाण्यात उतरलेले जीवनसत्त्व रश्शातच असते, म्हणून तो टाकून देऊ नये.

पट्टकृमीचा धोका

कच्चे किंवा अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यास आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. कुकरमधील तापमानात त्याच्या अळ्या जिवंत राहत नाहीत. मात्र मेंदूत गाठी होऊन झटके येण्याचा आजार मांसातून थेट होत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी दूषित पाणी, भाजी किंवा अस्वच्छ हातांवाटे पोटात गेल्यास तो होतो. त्यामुळे डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो. शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे आणि कच्च्या भाज्या स्वच्छ धुणे हाच त्यावरील खरा बंदोबस्त होय. कच्च्या मांसाची सुरी व पाट कोशिंबिरीसाठी वापरू नयेत.

कुकरची काळजी

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. चरबीचा थर वाफेच्या छिद्रात अडकू शकतो, म्हणून छिद्र, रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी तपासावेत. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक असून, फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. वर्ध्याच्या मे महिन्यातील उन्हात तासाभरातच. थंड झाल्यावर चरबी वर गोठते. ती काढून मटण पुन्हा चांगले उकळले की दुसऱ्या दिवशीचा रस्सा हलका आणि अधिक मुरलेला लागतो.